सरतापे सरांचं शून्य

सरतापे सरांनी आयुष्यभर काय शोधलं, असं कुणी विचारलं की मी सांगतो, ‘काही नाही.’ ऐकणाऱ्याला वाटतं, मी त्यांची टिंगल करतोय. टिंगल मी पुष्कळांची करतो, पण हे उत्तर अगदी सरळ आहे. सर ‘काही नाही’च शोधत होते, आणि ते सापडणं किती अवघड असतं हे मला त्यांच्या हाताखाली कळलं.

नव्वदनंतरची वर्षं होती. साताऱ्यातल्या एका कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी त्याच विभागात नुकताच चिकटलेला निदर्शक. मुलांकडून काचेची भांडी फुटली की कोणी फोडली याचा शोध लावणं हे माझं मुख्य काम. निम्मी माझ्याच हातून फुटत असल्यामुळे शोध फार लांबवर न्यावा लागत नसे.

सरांचा विषय तळ्याचा गाळ. औंधच्या बाजूला एक फार जुनं तळं आहे. त्याच्या तळाशी गाळ बसतो, दर पावसाळ्याचा थर आधीच्या थरावर. थॅलियम नावाचा एक दुर्मिळ आणि विषारी धातू त्या थरांत किती आहे, हे सरांना मोजायचं होतं. सगळ्यात खालच्या थरात, म्हणजे माणसानं फारशी घाण करायच्या आधी, तो किती होता हे कळलं तर आज आपण त्यात काय भर घातली ते सांगता येईल. पहिल्या दिवशी हुशारी दाखवायला मी विचारलं, ‘चिमूटभर तरी असेल ना सर?’

सरांनी चष्म्यावरून बघितलं. ‘पाटील, अख्ख्या तळ्यात चिमूट टाकलीत तर मला बरं पडेल. त्याहून कमी आहे.’

आता इतकं कमी मोजायचं म्हटल्यावर जगातली प्रत्येक गोष्ट आड येते. धुळीत धातू, नळाच्या पाण्यात धातू, घामात धातू. म्हणून सर आधी गाळ न घालताच सगळी कृती करायचे. तेच आम्ल, तीच बाटली, तेच पाणी, फक्त गाळ नाही. याला ते ‘कोरा’ म्हणत. शेवटी ते सगळं यंत्रातल्या पाऱ्याच्या एका थेंबासमोर जायचं आणि यंत्राची लेखणी कागदावर रेघ काढायची. धातू असेल तर रेघेला उंचवटा, नसेल तर रेघ सपाट. कोऱ्याची रेघ सपाट आली पाहिजे. ‘कोरा शून्य आला की मग गाळ बोलेल,’ सर म्हणायचे. ‘तोवर बोलते ती आपली घाण.’

त्या सपाट रेघेसाठी सरांनी विभागाच्या टोकाची एक अडगळीची खोली मागून घेतली होती. भिंतींना प्लास्टिकचे कागद, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या, दाराच्या आत आणखी एक दार. अजिंक्यताऱ्यावरून येणारा वारा साताऱ्यातल्या प्रत्येक घरात माती टाकतो. या एका खोलीत त्याला मज्जाव होता. ती खोली अशी व्हायला वर्षं गेली. दरवर्षी प्राचार्य विचारायचे, ‘सरतापे, यंदाची प्रगती काय?’ सर म्हणायचे, ‘गेल्या वर्षीपेक्षा कमी सापडलं, साहेब.’ प्राचार्य अहवालावर शेरा मारायचे : ‘पुढील वर्षी वाढ अपेक्षित.’

खोलीत जाताना सर पायजमा घालायचे, नाडीचा. पॅंटच्या चेनीत पितळ असतं म्हणून. डॉक्टरेट मिळवलेला माणूस पायजम्यात, डोक्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी, हातात चिमटा, असा आतून काचेशी येऊन उभा राहिला की नवीन मुलं पळून जायची. मी पळालो नाही, कारण मला पगार होता. पण पहिल्याच आठवड्यात सरांनी मला बाहेर काढलं. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि मी मानेला भरपूर पावडर लावून यायचो. त्या आठवड्यात कोऱ्यात जस्त दिसायला लागलं. सरांनी पाणी तपासलं, आम्ल तपासलं, बाटल्या तपासल्या. मग माझ्याजवळ येऊन नाक फुरफुरवलं आणि ओल्या कापसाच्या बोळ्यानं माझी मान पुसून तो बोळा यंत्राकडे नेला. दुसऱ्या दिवशी कारणांच्या रकान्यात लिहिलेलं होतं : ‘पाटील यांची पावडर.’ तो कागद पुण्याच्या विद्यापीठापर्यंत गेला. विज्ञानाच्या इतिहासात माझं नाव एवढंच.

त्यानंतर मी अंगठी घालून गेलो, केसांना तेल लावून गेलो, एकदा सासुरवाडीहून सांगलीची उत्तम हळद आणून भेट म्हणून सरांच्या हातात दिली. हळद त्यांच्या स्वयंपाकघरात पोचलीच नाही, आम्लात गेली. ‘सासऱ्यांना सांगा, हळद चांगली आहे,’ सर म्हणाले. ‘त्यात घातलेला पिवळा रंग कुठून आणला, तेवढं विचारा.’ मी विचारलं. त्या दिवाळीला मला सासुरवाडीहून बोलावणं आलं नाही.

दाराशी कुणालाही थांबवायचं, हा सरांचा नियम. कॉलेजात अशीही मंडळी होती, ज्यांनी सरांना घरी बोलावलं असतं तर ओसरीवरूनच चहा पाजून पाठवलं असतं. सरांचं घराणं छप्पन्न साली बौद्ध झालेलं. ही मंडळी सरांच्या दाराशी आली की सर आतून हात वर करायचे : ‘तिथूनच बोला. कशाला शिवू नका.’ एकदा एक संस्कृतचे प्राध्यापक चिडून म्हणाले, ‘लय कडक सोवळं हो तुमचं, सरतापे.’

‘आहे खरं,’ सर म्हणाले. ‘फक्त माझ्या सोवळ्याचा आकडा काढता येतो.’

गाळ काढायला आम्ही दोघं जायचो. ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधलेला तराफा, आणि त्यावरून एक लांब प्लास्टिकची नळी तळात ठोकायची. वर काढली की नळीत सगळे थर जसेच्या तसे येतात, ताजा वर, जुना खाली. पहिल्या खेपेला नळी काठावर आली आणि तिच्यातून पाणी गळताना दिसलं. वाया जाऊ नये म्हणून मी ती चटकन उलटी केली. आत सगळं खालचं वर झालं. सरांनी नळी माझ्या हातातून काढून घेतली.

‘पाटील, तुम्ही पंचायत समिती तळाला घातलीत आणि संस्थान परत वर आणलंत,’ ते म्हणाले. ‘औंधात जाऊन कळवा, पेढे वाटतील.’

दुसरी नळी सरांनी स्वतः धरून आणली. एसटीत, दोन गुडघ्यांच्या मध्ये, सरळ उभी. कंडक्टर सरांच्या गावचाच निघाला. ‘आवं मास्तर, आडवं ठिवा की ते. लोकांच्या डोक्याला लागंल.’

‘आडवं न्हाई चालायचं,’ सर गावच्या माणसाशी गावचं बोलायचे. ‘वरचं वर अन् खालचं खालीच ऱ्हायला पायजे.’

मागच्या बाकावरचा त्यांच्या गावचाच एक म्हातारा म्हणाला, ‘आरं, हे आता तूच म्हणाय लागलास व्हय?’ सर दचकले, आणि मग असे हसले की नळी हलू नये म्हणून ती त्यांना दोन्ही हातांनी आवळून धरावी लागली.

त्या दिवशी वाटेत मी विचारलं, जिल्ह्यात एवढी तळी असताना हेच का. सरांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, ‘याच्या घाटावर आमच्या आजोबांना पाय ठेवू देत नव्हते. म्हटलं, आपण घाटाचा नाद सोडावा, तळच घेऊन यावा.’ पुढं त्यांनी हा विषय कधी काढला नाही.

मग कॉलेजात कॉम्प्युटरचं वारं आलं. पुण्यामुंबईला काय चाललंय ते प्राचार्यांच्या कानावर होतं, आणि शिरवळच्या एका कारखान्यात ते तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले होते. कॉम्प्युटर विकणारा माणूस म्हणाला, यंत्रांना धूळ अजिबात चालत नाही. प्राचार्यांनी सगळं कॉलेज मनातल्या मनात फिरून बघितलं. धूळ नसलेली खोली एकच होती.

सर पहिल्यांदा कुणापुढे तरी अजिजीनं बोलले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की तळच्या थराचा आकडा निघेपर्यंत खोली राहू द्या. दुसरी अशी खोली उभी करायची तर तेवढी नोकरी शिल्लक नव्हती. शेवटी ठरलं असं : दिवाळीनंतर पुण्याहून एक तज्ज्ञ बाई येतील, कोरा तपासतील. त्यांनी चांगला अहवाल दिला तर खोली सरांची, नाहीतर कॉम्प्युटरची.

आणि त्या भाद्रपदात कोरा शून्य आला. लेखणी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली, साताऱ्याच्या पोवई नाक्यावरही इतका सरळ रस्ता नाही. सरांनी कंदी पेढे आणले आणि आम्हाला खोलीपासून लांब झाडाखाली नेऊन ते खायला लावले. आम्हाला म्हणजे मला आणि हवालदाराला. हवालदार हा आमचा शिपाई, पल्टणीतून निवृत्त झालेला, मिशा अजून नोकरीत असलेला.

‘कशाचं पेढं, सर?’ त्यानं विचारलं.

‘काही सापडलं नाही म्हणून.’

हवालदारानं पेढा तोंडात टाकला. ‘पल्टणीत आमाला काय न्हाई घावलं तर रपेट काढायला लावत्यात.’

दसऱ्याला सर दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्या वर्षीही महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गेले. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘कुणासाठीही उघडायची नाही. मी स्वतः मागितली तरी आधी अंगठी बघा.’

खंडेनवमीला प्राचार्य आले. सोबत वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, पूजेचं ताट, नारळ आणि हवालदार. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कॉलेजात हत्यार म्हणण्यासारखं दुसरं काय होतं? घंटेचा टोल आणि सरांचं यंत्र. टोलाचा फोटो गेल्या वर्षी छापून आला होता.

‘उघडा, पाटील.’

मी म्हटलं, सरांनी सांगितलंय, कुणासाठीही नाही.

‘सर गेलेत ना त्यांच्या कार्यक्रमाला? मग आपण आपला करू.’

मी तत्त्वासाठी ताठ उभा राहिलो, म्हणजे किल्ली खिशातून काढायला वेळ लावला. माझी नोकरी कच्ची होती. मी उघडलं.

हवालदार कडक सॅल्यूट ठोकून आत शिरला. ‘बंदुकीला कुकू लावल्याबिगर आमी हात लावत न्हवतो. ह्ये तर लय नाजूक हत्यार हाय.’ यंत्रावर त्यानं शेंदरानं स्वस्तिक काढलं, लेखणीला हळद लावली, झेंडूची माळ अशी टाकली की पाऱ्याची कुपी फुलांत दिसेनाशी झाली. उंबऱ्यावर नारळ फुटला. कापूर पेटला. मग तो एकेका बाटलीला बोट लावत फळीवरून निघाला. मागच्या फळीवरच्या बाटल्या राहिल्या होत्या. त्या राहिल्या आहेत, हे मी दाखवून दिलं. पूजेत कुणी राहून गेलं की बरं दिसत नाही, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. फोटोत ताट धरून मीच उभा आहे, मान पुढे काढून.

सर परत आले ते थेट खोलीकडे. दारात थांबले. प्लास्टिकच्या कागदांवर कापराची काजळी, जमिनीवर सुकलेल्या पाकळ्या, आणि वर्षानुवर्षं आम्लात धुतलेली प्रत्येक बाटली कपाळाला कुंकू लावून सवाष्णीसारखी बसलेली. मी बोलायला तोंड उघडलं तर सरांनी हात वर केला.

‘कोणी केलं ते नको. कशानं केलं ते सांगा. पुड्या उरल्यात का?’

पुड्या हवालदाराच्या घरी होत्या. त्या आल्या. सरांनी कुंकू, हळद, कापूर, शेंदूर, झेंडूची पाकळी, सगळं वेगवेगळं विरघळवून तपासलं. बाकीच्यांनी लहानसहान खोड्या केल्या होत्या. शेंदूर घातला तेव्हा लेखणी उठली आणि कागदाच्या कडेवर जाऊन आदळत राहिली. शेंदूर म्हणजे शिसंच. आणि शिसं आणि थॅलियम त्या कागदावर शेजारी उभे असतात. थोडं शिसं झाकायला औषध असतं. हा डोंगर झाकणारं औषध नव्हतं. थॅलियमवर त्याची सावली पडली होती.

मग धुणं सुरू झालं. सर, मी आणि हवालदार. कागद उतरवले, नवे लावले, बाटल्या उकळल्या. हवालदाराला आपण काय केलं ते कळल्यावर तो मिशा खाली पाडून घासत राहिला. दिवाळी बाटल्यांत गेली. डोंगराची टेकडी झाली, टेकडीचा उंचवटा झाला. पण उंचवटा जाईना.

बाई येण्याच्या आदल्या दिवशी मी सरांना म्हटलं, भाद्रपदातला सपाट कागद आहेच की. तोच दाखवू. खोटा थोडाच आहे?

‘तो भाद्रपदात खरा होता,’ सर म्हणाले.

पुण्याच्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, दाराशी आपण होऊन घड्याळ काढून ठेवणाऱ्या. सरांनी दोन्ही कागद पुढं ठेवले. बाईंनी भाद्रपदातली सपाट रेघ खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितली. मला वाटतं, सरांना आयुष्यात मिळालेलं कौतुक तेवढंच. मग प्राचार्यांच्या खोलीत चहा झाला. बाई म्हणाल्या, एकदा शून्य आलाय म्हणजे पुन्हा येईल, मी चांगलंच लिहीन. फक्त या उंचवट्याचं कारण तेवढं अहवालात लिहून द्या.

प्राचार्य पुढं सरसावले. ‘कारण अज्ञात, असं लिहू.’

‘कारण ज्ञात आहे, साहेब,’ सर म्हणाले. ‘आत्ता आपल्याबरोबर चहा घेतंय.’ आणि त्यांनी शेंदराचा कागद टेबलावर ठेवला.

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी प्राचार्यांचा चेहरा बघितला आणि त्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, ‘सरतापे, ‘बाह्य कारण’ लिहा. मी सही करते. खोली राहील तुमची.’

मी मनातल्या मनात सरांना ते दोन शब्द लिहून देत होतो, जोडाक्षरासकट. सरांनी पेन काढलं आणि लिहिलं : ‘खंडेनवमीची पूजा. शेंदूर.’

प्राचार्य लाल झाले. ‘तुम्ही हे मुद्दाम करताय. तुमच्या समाजाला आमचे सण—’

‘साहेब, पाटलांची पावडर सापडली तेव्हा तीही नावानिशी लिहिली होती,’ सर म्हणाले. ‘पाटलांचा समाज कुठला?’

मी माझ्या समाजाच्या वतीनं चहाच्या कपात बघितलं.

बाईंनी सही केली, चांगलं लिहिलं. पण जो अहवाल वर्तमानपत्रात दाखवता येत नाही तो चांगला कसा असेल? संस्थेच्या बैठकीत तो पुढं ठेवलाच गेला नाही. खोली कॉम्प्युटरला गेली आणि सरांची बदली संस्थेच्या सांगलीच्या कॉलेजात झाली. व्हरांड्यात मी जरा चिडूनच बोललो. म्हटलं, दोन शब्दांसाठी घालवलीत सर खोली.

‘ते दोन शब्द लिहिले असते तर पुढच्या प्रत्येक कोऱ्यात ते निघाले असते, पाटील. मग ते कशानं धुवायचे?’

तळच्या थराची नळी बाईंनी आपल्याकडे ठेवून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी येऊन मोजायला सरांना जागा दिली. सर सांगलीहून पुण्याला जात राहिले. आकडा निघाला, छापूनही आला, इंग्रजीत, साताऱ्यात कुणी वाचत नाही अशा ठिकाणी. तो इतका लहान होता की मी प्राचार्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘मग एवढं काय होतं त्यात?’ पण हे पुढचं.

सरांना मी साताऱ्यात शेवटचं पाहिलं ते कॉम्प्युटर कक्षाच्या उद्‌घाटनाला. ते सेवापुस्तकाच्या कामाला आले होते आणि आवाज ऐकून वर आले. कॉम्प्युटरवाल्यानं सक्त ताकीद दिली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता; त्यात पाहुण्या पुढाऱ्यांचे बूट, संस्कृतच्या प्राध्यापकांच्या कोल्हापुरी, सगळे एकत्र. आत प्राचार्य मोजे घालून चवड्यांवर चालत होते. पूजेचं ताट बाहेर स्टुलावर ठेवलं होतं, कारण यंत्रांना चालत नाही असं कळलं होतं. फोटोग्राफरला खोकला आला तर तो बाहेर जाऊन खोकला. कुणी कशाला शिवत नव्हतं. हात पाठीमागे बांधून सगळे काचेच्या पडद्याकडे बघत होते.

मी सरांच्या शेजारी उभा राहिलो. म्हटलं, सर, राग येत नाही?

सरांनी दाराच्या काचेतून आत नीट बघून घेतलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

‘राग कसला? एवढ्या वर्षांत माझी खोली आज पहिल्यांदा नीट पाळली जातेय,’ ते म्हणाले. ‘फक्त आत मोजायला काही ठेवलं नाही त्यांनी.’

आत टाळ्या वाजल्या. पडदा उजळला असावा. सरांनीही बाहेरून दोन टाळ्या वाजवल्या, चपला राखत उभ्या असलेल्या हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सांगलीची गाडी चुकेल म्हणून जिना उतरायला लागले.